तिसरं कडवं

प्रिय सुदर्शन,

दोन दिवस तू फोन करतोयस आणि मी उचलत नाही. बोलायला लागले की मी विरघळते, म्हणून लिहितेय. आपलं गाणं सव्वा लाख लोकांनी पाहिलं म्हणे. कंपनीत पॅकिंगच्या लाइनीवरच्या बाया मला मुद्दाम थांबवून कौतुक करतात. तुला आनंद झालाय, ठाऊक आहे. त्या आनंदात मला हसता येत नाही, याचंच रडू येतं.

उस्मानपुऱ्यातली तुझी ती खोली आठवते? मे महिना, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद, भिंतींना तुझ्या आईच्या गोधड्या टांगलेल्या. घामानं निथळत मी गायले आणि तू हेडफोन काढून नुसता बघत राहिलास. "सुलेखा, हे शब्द तुझेच?" म्हणालास. माझेच होते. नोकरीला निघालेल्या मुलीचं गाणं. तिसऱ्या कडव्यात ती आपल्या प्रियकराला सांगते, मी निघाले, यायचं तर सोबत चल. त्या दुपारी मी तुझ्या प्रेमात पडले.

मग चितेगावजवळच्या शेतातलं शूटिंग. लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या तुला पहिल्यांदाच निर्माता मिळाला होता, म्हणून मी गप्प राहिले. आपला हिरो शिवम, त्याला जीपच्या बॉनेटवर उभं केलंस आणि कॅमेरा जमिनीला टेकवलास. तो आभाळाएवढा दिसला. माझ्या वेळी तू शिडीवर चढलास. "मान खाली, डोळे तेवढे वर." मग पैंजण, कंबर, ओले केस. तिसरं कडवं आलं तेव्हा मी म्हणाले, हे मी रस्त्यानं चालत गाते. सगळ्यांसमोर तू हसलास. "तू फक्त दारात उभी राहा. वाट बघताना लई गोड दिसतीस." मी उभी राहिले. शब्द माझे, आवाज माझा, आणि पडद्यावर ओठ मिटलेले. जीप निघून जाते, मी चौकट धरून बघत राहते.

पुंडलिकनगरला घरी आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "व्हय गं, गातीस तू, मग तोंड मिटून का उभी?" हेच तुला विचारलं, तर म्हणालास, "अगं, फ्रेमिंग असतं ते. लोकांना असंच आवडतं." मी मानलंही असतं. पण त्याच बोलण्यात, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, तू पुढचं ठरवून टाकलंस. लग्नानंतर कंपनी सोडायची, गाणं घरातच रेकॉर्ड करायचं, स्टेजवर नाय. मला एकदाही विचारलं नाहीस. तेव्हा तर कॅमेरा बंद होता, सुदर्शन.

तू वाईट नाहीस. शूटिंगला माझे पाय पोळले, तेव्हा स्वतःच्या चपला मला देऊन ढेकळांतून दिवसभर अनवाणी फिरलास. ते आठवलं की लिहिलेलं फाडावंसं वाटतं. दोनदा फाडलंही.

सोमवारी आपल्या लग्नाच्या नोटिशीचा महिना पूर्ण होतोय. रजिस्ट्रार कचेरीत मी सही करायला येणार नाही. आईला काल सांगितलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. तुझ्या घरी तूच सांग. माझ्यात खोट निघाली म्हणालास तरी चालेल, मी खोडून काढणार नाही. फक्त भेटायला येऊ नकोस. तू समोर आलास तर मी हो म्हणेन.

अजून तरी तुझीच,
सुलेखा