दादांची पायली

मंगळवार, नांदेड. दिवेलागणीची वेळ.

आज नातीच्या कॉलेजात मेंदू तपासायच्या मशीनमध्ये अर्धा तास पडून होतो. तिच्या अभ्यासासाठी. समोर ठिपके दिसायचे, ते मनात मोजायचे. मी सवयीनं 'लाभ, दोन, तीन' असंच मोजलं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलेलं.

नंतर नातीनं चित्रं दाखवली. एका तरण्या पोराच्या मेंदूत एकाच बाजूला रंग, माझ्या दोन्ही बाजूंना. मी विचारलं, "म्हंजी बिघडलंय का काही?"

"न्हाई आबा. तेवढ्याच कामाला तुमचा मेंदू जास्ती जागा वापरून राहिला. वय झालं की बऱ्याच जणांचं असं होतं. उत्तर तुमचंबी बरोबरच हाय."

तेव्हापासून आमच्या गावचं, जळकोटचं खळं डोळ्यांपुढून हलत नाही. दादा म्हातारपणी पायलीनं ज्वारी मापत होते. मधेच थांबायचे, ओठ हलायचे, मग पुढचा आकडा. गडीमाणसं बघत होती. मला घाई होती. घाई कसली, लाज वाटली. "दादा, तुम्हाला आता जमंना, सोडा," म्हणत मी त्यांच्या हातातून पायली काढून घेतली. त्यांनी पुन्हा कधी पायलीला हात लावला नाही.

त्यांनी मापलेली ज्वारी मी त्याच दिवशी त्यांच्या माघारी पुन्हा लाभपासून मापली. दादांनी सांगितली होती तेवढीच भरली.

हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.