धुऱ्यावरच्या झाडांना लाल्या नव्हता

माय, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता बराच मोठा झालो आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, अक्षर दिसतंय तोवर लिहून टाकावं म्हणून बसलो. तुला वाचता येत नव्हतं. तेच बरं, असं मनात येतं आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

ज्या संत्र्याच्या बागेत तू रोजाने जायचीस, तिथेच मी अकोल्याचं शिक्षण संपवून शेतीखात्याचा माणूस म्हणून आलो. खिशात भिंग. मालक मला खुर्ची देतो आणि तू दहा पावलांवर गवत निंदता निंदता मान वर करून हसतेस. आपल्या घरच्या कोणाला त्या अंगणात आजवर खुर्ची मिळाली नव्हती. काळ्या माशीसाठी मी डीडीटी मारायला सांगितलं. महिनाभर बाग स्वच्छ दिसली. मग फळांवर लाल्या आला. हिरवी संत्री तपकिरी, चामड्यासारखी होत गेली. भिंगाखाली धरलं तर सालीवर पिवळट कोळी, धुळीच्या कणांएवढे, मोजता न येण्याइतके.

जेवणाच्या सुट्टीत तू माझ्याजवळ आलीस. "पोरा, थ्या धुऱ्यावरच्या चार झाडाले तुई पावडर मारली नाई. त्याले लाल्या बी नाई. औषधानंच तं नसन झालं?"

मालक ऐकत होता. मी म्हणालो, "तुले काय समजते, माय? निंदन कर."

तू पदराला हात पुसलेस आणि परत कामाला गेलीस. कोळ्यांना खाणारे बारीक किडे डीडीटीने मरतात आणि मग कोळी मोकाट वाढतात, हे मला फार पुढे कळलं. बांधावरची ती चार झाडं बघूनच तुला ते कळलं होतं. तेव्हा गंधकाची भुकटी धुरळली असती तरी कदाचित भागलं असतं. पण मालकाला घाई होती आणि मला माझी चूक झाकायची होती. मी पॅराथिऑन आणलं. किती जहाल आहे ते मला शिकवलेलं होतं.

भादव्याचं ऊन होतं. पंपवाल्यांना तुम्ही बायका बादल्यांनी औषध नेऊन देत होता. तुझी बादली गळकी होती, लुगडं मांडीपर्यंत भिजलं होतं. मला ते दिसत होतं. थांबवलं असतं तर सगळ्याच बायका थांबल्या असत्या, म्हणून मी दुसरीकडे बघत राहिलो. दुपारी तू बुंध्याशी बसलीस. "मले अंधारून येऊन राहिलं रे." तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मालकाच्या जीपमधून आपण अमरावतीच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मालक म्हणाला, ऊन लागलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. अंगावर ओल्या फडक्यांच्या घड्या पडत राहिल्या. तुझे हातपाय झटके देऊ लागले तेव्हा मी औषधाचं नाव सांगितलं. "आधी काहून नाही बोललास?" डॉक्टर ओरडले, "याच्यावर सुई असते!" सुई दिली. दिवस मावळायच्या आत तू गेलीस.

बाबांना मी ऊनच सांगितलं. माझी नोकरी टिकली, पुढे बढतीही मिळाली. गावात अजून सगळे म्हणतात, तिला भादव्याचं ऊन भोवलं. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, सकाळी चुलीत घालीन. पण एक राहिलंच. मी खाली बघत उभा होतो तेव्हा तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस आणि तशाही अवस्थेत डॉक्टरांना म्हणालीस, "हो जी, ऊनच लागलं." आणि माय, तेव्हा मला बरं वाटलं होतं.