गोधडी मंडळाचं रीतसर विसर्जन

५ मार्च १९८७, गुरुवार
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही. मी सांगते, व्हर्डी लिहिते. ती गोधडी मंडळाची चिटणीस, मी अध्यक्ष. पन्नास वर्षांची मैत्रीण, त्यामुळे तिची तक्रारसुद्धा तिलाच सांगावी लागते. आज म्हणे, जूनमध्ये लेकीकडे ओहायोला चालले, कायमची. म्हटलं, आठ दिवसांत परत येशील, तुझ्या लेकीच्या हातचं जेवलेय मी. व्हर्डीनं नाक मुरडलं. तेही लिही म्हटलं.
काळजीचं कारण नाही.

१२ मार्च
वकील प्रुइट आला. केंटकीच्या कायद्यानं नोंदलेल्या मंडळाला तीन संचालक लागतात म्हणे. व्हर्डी गेली की उरणार मी आणि खजिनदार नेवा. तिसरी नसेल तर रीतसर विसर्जन. मी म्हटलं, अहो, आम्ही चौदा आहोत! आमच्याकडे बाई वारली तरी तिची खुर्ची गोधडी ताणायच्या चौकटीभोवती राहते. हजेरीत तिचं नाव आलं की सगळ्यांनी म्हणायचं, "टाके घालतेय." प्रुइट टोपी काढून म्हणाला, "ऑर्लीनाबाई, कायद्याला श्वास घेणारी बाई लागते." म्हटलं, नेवा तरी कुठं धड घेते? नेवा रुसली.
संकल्प : पंधरा दिवसांत तिसरी बाई.

२६ मार्च
सहा जणींना विचारलं. एक म्हणाली, दुकानातली रजई मशीनमध्ये धुता येते. बाकीच्या विचार करून सांगणार आहेत. हवा खराब आहे, म्हणून उशीर.

१६ एप्रिल
अजून विचारच चाललाय त्यांचा. संचालकांनी विसर्जनाचा ठराव मांडला. मी विरोधात. आता प्रत्येक सभासदाला लेखी नोटीस हवी. म्हटलं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. व्हर्डीनं अकरा पाकिटं जास्तीची लिहिली. मी ती टेकडीवरच्या दफनभूमीत, जिच्या तिच्या दगडाखाली ठेवून आले.

७ मे
मतदान. अकरांपैकी एकीनंही होकार कळवला नाही, याची नोंद व्हावी. व्हर्डी आणि नेवा बाजूनं, मी विरुद्ध. माझ्या हिशेबानं बारा विरुद्ध दोन, मंडळ वाचलं. प्रुइटच्या हिशेबानं दोन विरुद्ध एक, म्हणजे दोन तृतीयांश, मंडळ गेलं. अध्यक्ष म्हणून कागदावर फुली मलाच मारावी लागली. वाकडी आली. पेन खराब होतं.

२१ मे
असू दे. चौकट घरी आणते. हॉबर्टनं लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात केलेली, छताला दोरांनी टांगायची. स्वयंपाकघरात बसेल. प्रुइट म्हणतो, सभासदानं काही न्यायचं नाही. उरलेलं सगळं दुसऱ्या धर्मादाय संस्थेला. म्हटलं, नवरा कुणाचा? म्हणाला, "नवरा तुमचा, चौकट मंडळाची. तुम्हीच तर देणगी दिलीत." दिली होती खरी. तेव्हा तो होता, दुसरी करून दिली असती त्यानं.
चौकट संग्रहालयाला जाणार. तेही बरंच. त्यांना शिकवायला कुणीतरी लागेलच. गुरुवार मोकळा ठेवलाय.

११ जून
व्हर्डीबरोबर संग्रहालयात गेले. चौकट दिव्याखाली ठेवलीय, भोवती दोरी. एकच खुर्ची, तीही आमची नाही. डाव्या दांड्याला हॉबर्टच्या पटाशीचा खड्डा आहे, बसताना मी तिथं अंगठा ठेवते. ठेवला. आतली मुलगी धावत आली, "आजी, पाटी वाचली नाही का?" मी व्हर्डीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "हात लावू नये, असं लिहिलंय गं."
शिकवण्याचं काही निघालं नाही. मुलगी घाईत होती.
उद्या सकाळच्या बसनं व्हर्डी जाणार. विचारलं, हजेरीत तुझं नाव आलं की काय म्हणू? मेलेली नाहीस, इथंही नाहीस. तिनं पेन खाली ठेवलं. म्हटलं, उचल, नाहीतर हे कोण लिहिणार? म्हणते, "टाके घालतेय, म्हण."
पुढच्या गुरुवारपासून रोजनिशी माझी मी लिहिणार. आयुष्यभर टाके घातले, अक्षरांचं काय एवढं. व्हर्डीनं तारीख आधीच घालून ठेवलीय.

१८ जून १९८७, गुरुवार
×