घड्याळातून उतरलेले सेल

भावोजींना मोठ्या वहिनीचे आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक चाललं आहे, फक्त भिंतीवरचं घड्याळ चालत नाही. त्याचं कारण पुढे येईल. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? पाय लांब करून स्वस्थ बसा म्हणून सांगा (त्या बसणार नाहीत, पण सांगितल्याचं पुण्य तुमच्या पदरात).

पत्राचं कारण म्हणजे तुमच्या भावाचं खेळणं, तो हातात धरायचा व्हिडिओ गेम. हे जाऊन वर्ष होत आलं. कपडे दिले, चष्माही दिला, पण हे यंत्र कोणाच्या गळ्यात घालावं ते सुचेना. तुम्हा दोघा भावांचं हे वेड मला पहिल्यापासून आठवतं. पहिलं आलं ते साबणाच्या वडीएवढं, त्यात खेळ एकच, वरून पडणारी अंडी झेलायची. त्यात गजर होता म्हणून मी ते घरात येऊ दिलं. मग आलं ते विटेएवढं जाडजूड, म्हणून मी त्याला वीटच म्हणते. तिच्यात कॅसेट बदलायची, पडदा शेवाळी, आणि आत दिवा नाही. म्हणजे खेळ ह्यांचा आणि ट्यूबलाइट माझ्या हिशेबात. पुढे रंग आले, आतून उजेड आला, पावडरच्या डबीसारखं मिटणारं आलं, आता तर टीव्हीला लागणारं आलं. दर वेळी तुम्ही नवं घेतलंत. ह्यांनी ते हातात धरून कौतुक केलं आणि परत दिलं. हे विटेवरच राहिले (देवही विटेवरच उभा आहे, असं वर मलाच ऐकवायचे). सेल मी नवे कधी दिले नाहीत. घड्याळातून उतरलेले द्यायची. पडदा फिका पडला की हे सेल तळहातावर चोळत, खिडकीत उन्हाला ठेवत आणि पुन्हा खेळत बसत.

मध्यंतरी पुसताना बटण सरकलं आणि पडदा लागला. मी इतकी वर्षं समजत होते की हे आत गोळ्या झाडतात. आत बाग निघाली. बागेत एक कासव, ह्यांनी पाळलेलं. ते हळूहळू काचेपर्यंत आलं आणि थांबलं. मला वाटलं, बंद केलं तर ते जाईल. म्हणून चालूच ठेवलं. मग टॉर्चचे सेल गेले, रेडिओचे गेले, शेवटी घड्याळाचे काढले. शेजारणीने वेळ विचारली, मी सवयीने भिंतीकडे बघून सांगितली, तिची बस चुकली. आता ती बोलत नाही (तेवढीच शांतता).

शेवटी घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून कॅसेट उघडली आणि म्हणाले, “वहिनी, बंद केलंत तरी कासव कुठे जात नाही, त्याला भूकही लागत नाही. पण ते बाहेरच्या सेलांवर नाही, कॅसेटमधल्या या चपट्या सेलवर आहे, आणि हा संपत आलाय. बदलला तरी आतलं पुसलं जाणार, नाही बदलला तरी जाणार.”

कासवच ते, तेही खोटं. तेव्हा तुम्ही याल तेव्हा ही वीट घेऊन जा. उगाच जागा अडते. माझं तिच्यावाचून काही अडलेलं नाही. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची वहिनी

ता. क. तुमची वीट आणि तीच कॅसेट अजून माळ्यावर आहे ना? आणि दोन विटा जोडायची वायर? घड्याळजी म्हणतात, त्या वायरीतून एकाचं जनावर दुसऱ्याकडे जातं, फक्त अदलाबदल करावी लागते. नव्या यंत्रांत ती वायर शिरतच नाही. तेव्हा आधी तुमच्या कॅसेटचा आतला सेल बदला (तुमचं आतलं पुसलं जाईल, त्याला माझा इलाज नाही) आणि तसेच निघा. नवा खेळ सुरू केला की पहिलं जनावर आपोआप मिळतं म्हणे, बदल्यात तो सरडा दिलात तरी चालेल. माझ्या कॅसेटला नवा सेल बसला की कासव परत आणायचं.

आणखी एक. तोवर ते तुमच्याकडे पाहुणं आहे. पाला वेळेवर द्या आणि नाव बदलू नका. ह्यांनी इंग्रजी अक्षरं लावून त्याचं नाव ‘चिंगूस’ ठेवलं आहे. हे मला काय म्हणून हाक मारत ते तुम्हाला ठाऊकच आहे.

येताना सेल आणा. नवे, चांगल्यातले. घड्याळातून उतरलेले नकोत.