दादाच्या चित्रातल्या मुंग्या

प्रिय ठोंब्या,

माझं पत्र बघून दचकला असशील. दचक, खुशाल दचक. मी परवा सकाळपासून दचकलेलीच आहे, म्हणून अक्षर कोंबडीचे पाय झालंय. दोन घरांतलं बोलणं तुटल्यावर तुझ्याशी बोलायचं नाही अशी मला ताकीद होती आणि मी गाढवासारखी ती पाळली. पण आता जे कळलंय ते तुला सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल.

टेकडीवरचा अँटेना आठवतो ना? आपली घरं पडली खोलगटात आणि टीव्हीचे मनोरे टेकडीच्या पार पलीकडे. घरावर अँटेनाची काठी लावली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग माझ्या बाबांनी आणि तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या काकांनी, मिळून टेकडीच्या माथ्यावर लोखंडी पाइप रोवला, अँटेना बांधला आणि काळी वायर झुडपांतून, दगडांखालून ओढत खाली आणली. अंगणात तिचे दोन फाटे केले, एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे. बाबा वर अँटेना फिरवायचे, काका उतारावर मध्येच उभे राहायचे आणि आपण दोघं खिडकीतून बोंबलायचो, आलं, आलं, गेलं! चित्र नसलं तरी तू आपला आलं म्हणायचास, मेल्या.

आणि त्याच अँटेनावरून बिनसलं. बाबांना बातम्यांचं केंद्र हवं, काकांना मॅचचं. एक मनोरा एकीकडे, दुसरा भलतीकडे. सुरुवात झाली कुठे तोंड करायचं यावरून, आणि आजोबांच्या आजारपणात कोण किती जागलं इथवर मजल गेली. शेवटी बाबांनी सगळ्यांदेखत पक्कड आणून अंगणातला तुमचा फाटा कापला. काकू दारात उभी राहून रडत होती. आठवडाभरात तुमच्याकडून पुन्हा मॅचचा आवाज यायला लागला, तेव्हा आई म्हणाली, बसवला असेल त्यांनी स्वतःचा, आपल्याला काय करायचंय. आमच्या बातम्यांत मात्र मुंग्या शिरल्या त्या शिरल्याच. आई जिवंत होती तोवर त्यावरून बाबांना टोमणे मारायची, पण बाबा आपले चष्मा पुसून पुन्हा मुंग्यांकडे बघायचे.

आता परवाचं ऐक. बाबांना डॉक्टरांनी चढायला बंदी केलीय, पण वारा सुटला की हे निघाले काठी टेकत टेकडीवर. डिश बसवू म्हटलं तर अंगावर येतात. म्हटलं, मुळावरच घाव घालावा. बाबा अंघोळीला गेल्याचं बघून डिशवाल्याला वर पाठवलं आणि जुनी वायर कापायला लावली. तो खाली आला तो डोकं खाजवत. म्हणाला, ताई, अँटेनाचं तोंड भलतीकडे आहे, तुमच्या बातम्या दिसणार कशा? आणि वर दगडाखाली एक जोडणीची डबी आहे, तिच्यातून दुसरी वायर निघून पलीकडच्या उतारानं त्या शेजारच्या घरात जाते. कापली तेव्हा दोन्ही गेल्या. ठोंब्या, कळलं का? अंगणात तोडलेला फाटा बाबांनी टेकडीवर जोडला होता! इतकी वर्षं अँटेना काकांच्या मॅचकडे वळवून ठेवला आणि स्वतः मुंग्यांतून बातम्या बघितल्या. बापाला आपण ओळखतो असं मला वाटत होतं. कसलं डोंबल ओळखतो!

ते पचतंय न पचतंय तोवर तुमचं दार धाडकन उघडलं आणि काका अनवाणी धावत आले, एका गालावर दाढीचा साबण तसाच. आमच्या उंबऱ्यापाशी येऊन त्यांनी हंबरडाच फोडला. दादा कधी गेला, मला का नाही बोलावलं, एवढंच पुन्हा पुन्हा. तेवढ्यात बाबा ओल्या डोक्यानं बाहेर आले. काका भूत बघितल्यासारखे बघत राहिले आणि एकदम खेकसले, अरे दादा, चित्र गेलं ना तुझं! बाबा म्हणाले, मग वर जाऊन बघायचं, माझ्या उरावर कशाला आलास? एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं ते यासाठी! मग एकमेकांना धरून असे रडले की डिशवाला शिडी टाकून पळाला.

काकांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. वादळानंतर पाइपाला दगडांचा टेकू तेच द्यायचे, आणि ते बाबांना ठाऊक होतं. पण बोलेल कोण! काका म्हणाले, सकाळी बटण दाबायचं, चित्र स्वच्छ दिसलं की समजायचं, दादा वर जाऊन आला, दादा ठीक आहे. तू हौसेनं पाठवलेली डिश त्यांनी खोक्यातून काढली नाही म्हणून तू रुसलास आणि येणंच सोडलंस, असं काकू सांगत होती. अरे, ती बसवली असती तर त्यांना भावाची खबर कोण देणार होतं?

वायर पुन्हा जोडून घेतली आहे. आता काका म्हणतात बातम्यांकडे फिरवा, बाबा म्हणतात मॅचकडेच राहू दे, आणि त्यावरून आमच्या बैठकीत कालपासून सारखी जुंपते. मी आतून ऐकते आणि डोळे पुसते. कारण बाबांना बंदी गुडघ्यामुळे आहे हे मी सगळ्यांना सांगितलेलं खोटं आहे. गुडघा नाही, हृदय. डॉक्टर म्हणाले, फार दिवस धरून चालू नका. बाबांना माहीत आहे, आणि काकांना कळू द्यायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातलीय. मेल्या, एक दिवस काका सकाळी बटण दाबतील तेव्हा चित्र स्वच्छ असेल आणि त्यांचा दादा नसेल. तेव्हा त्यांना धरायला मी एकटी पुरणार नाही. तू ये, लवकर ये. रुसायला पुढे जन्म पडलाय.

तुझीच,
भांडकुदळ ताई