होडीतली सैल पट्टी

रविवार, संध्याकाळ. नांदेड.

विष्णुपुरी धरणाच्या काठावर ओढून ठेवलेल्या दादाच्या शिडाच्या होडीत आज आतली एक सैल लाकडी पट्टी बसवायला गेलो होतो. काम तसं किरकोळ. उद्या तो वहिनींना पाण्यावर नेणार होता. एवढ्या उपचारांनंतर त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

पट्टी काढली आणि तिच्यामागच्या फळीत पेचकस रुतला, भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसा. आपल्याकडच्या उन्हानं लाकूड आकसतं. दर उन्हाळ्यात फट दिसली की दादा तिच्यात लांबी भरायचा, घराच्या चौकटीला भरतात तशी. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

"बसव की ती पट्टी. एक चक्कर मारून येतो निस्ती," दादा म्हणाला.

"फळी कुजलीय, दादा. वहिनींना पोहता येतं का?"

असं बोलायला नको होतं का? पण दुसरं काय बोलणार होतो? पट्टी माझ्या हातातच होती.

आमच्यासाठी डबा घेऊन आलेल्या वहिनी मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दादा काही सांगायच्या आत म्हणाल्या, "काठावर हाय तशीच तिच्यात बसू द्या की. बुडायची भीती बी न्हाई."

आम्ही दोघांनी हात दिला. त्या होडीत बसल्या, पाण्याकडं तोंड करून. मग दादानं शीड उभारलं.