टाचेला न कळलेला चटका

प्रिय इंद्रजीत,

तुझा निरोप मिळाला. त्यात तू मला एक काम सांगितले आहेस. त्याचे उत्तर शेवटी देईन. निष्कर्ष आधी आणि कारणे नंतर ही पद्धत तू शाळेत असतानाही मी चालू दिली नव्हती. बडोद्यात राहून तू तुझ्या बायकोविषयी, मनालीविषयी काही मते बनवली आहेस. आसनगावच्या या घरात जे घडले ते तू पाहिलेले नाहीस, मी पाहिले आहे. म्हणून आधी हकीकत.

मनालीच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. मणक्याला क्षय लागला होता. साचलेला पू आणि पोखरलेले हाड काढले. डावा पाय आता उचलता येतो. उजवा पाय घोट्याखाली हलत नाही. ती पुन्हा आधाराशिवाय चालेल का, असे मी डॉक्टरांना विचारले. ‘सांगता येत नाही,’ एवढेच ते म्हणाले. साक्षीदारांची उत्तरे ऐकण्यात माझे आयुष्य गेले आहे. हे खरे उत्तर होते, आणि खऱ्या उत्तराने दिलासा मिळतोच असे नाही.

सिझेरियननंतर ती तान्ह्या मुलीला घेऊन याच घरी आली, कारण माहेरी आई नाही. मुरबाडकडच्या त्या गावात तिचे वडील कमळाकर एकटेच आहेत. पहिल्या आठवड्यापासून मुलीला पाजायला बसली की तिची पाठ दुखू लागे आणि कमरेपासून तळव्यापर्यंत मुंग्या चढत. मूल सोडेपर्यंत ती दात आवळून बसे, मग भिंतीला धरून उठे. घरात येणाऱ्या प्रत्येक बाईजवळ याचे कारण तयार होते. तुला न्हाऊमाखू घालणारी आटगावची अंबूबाई हिच्या मालिशीला येत होती. तिचा निकाल पक्का होता: “पाठीतलं भुलीचं इंजेक्शन हाय ना ताई, ते जल्मभर सोडीत नाय. माज्या सुनेला इचारा. ती तर त्या इंजेक्शनच्या नावानं पाणी पण भरीत नाय.” मनाली हसली होती. या घरातले तिचे ते शेवटचे मोकळे हसणे असावे.

एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणून तिच्यामुळेच घडली, असे होत नाही. माझा स्वतःचा तर्क वेगळा होता. मांडी घालून, वाकून पाजण्याने कंबर अवघडत असेल असे मला वाटले. तो पडताळायचा म्हणून मी तिला पाठीला टेकण असलेली खुर्ची दिली, पायाखाली पाट ठेवला, मुलीखाली उशी घेऊन तिला छातीच्या उंचीवर आणले. बसण्याची रीत हेच कारण असते तर ती बदलल्यावर दुखणे उतरायला हवे होते. उतरले नाही. उलट संध्याकाळी कणकण येऊ लागली, आणि बाळंतिणीचे अंग भरण्याऐवजी हातातल्या बांगड्या सैल झाल्या. मी दवाखान्यात चल म्हटले. ती म्हणाली, “टाके सुकू देत आई, मग जाऊ.”

टाके सुकण्याआधी तो प्रकार घडला. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून शेक-धुरी देतात, हे तू जाणतोस. त्या सकाळी अंबूबाईने पायांना ऊब मिळावी म्हणून शेगडी पायथ्याशी, खाटेला लावून ठेवली. मनाली भिंतीला टेकून मुलीला पाजत होती. पाय खाटेवरून खाली सोडले होते. मी समोर तांदूळ निवडत होते. काहीतरी करपल्याचा वास आला. अंबूबाई म्हणाली, “कपडा जळतो गो कुठं? बाळाचं लंगोट बघ.” आम्ही दोघी लंगोट शोधू लागलो. मनालीही मुलीला छातीशी धरून इकडेतिकडे पाहत होती. मग मला दिसले. तिची उजवी टाच शेगडीच्या काठावर टेकलेली होती. मी पाय ओढून घेतला. तिने टाचेकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, आणि त्याहून भयंकर मी आयुष्यात काही पाहिलेले नाही. मुलगी मात्र दूध पीत राहिली.

अंबूबाईने शेगडी अंगणात नेऊन पाणी ओतले आणि तिथेच बसून राहिली. तिला मी बोल लावला नाही, तूही लावू नकोस. त्या चटक्याने जे उघड केले ते आम्हा सगळ्यांच्या तर्कांनी झाकून ठेवले होते.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने मनालीला डोळे मिटायला लावून तळव्याला टाचणी टोचली. “टोचलं की सांगते,” असे म्हणून ती वाट पाहू लागली. त्याचे तोवर चार ठिकाणी टोचून झाले होते. मग तपासण्या, मग मणक्याचे चित्र, मग शस्त्रक्रिया. कमळाकर मुरबाडकडून आले, आपल्या घराच्या पायरीवरच बसले. “ताई, मी पोरीला घेऊन जातो. तुमच्या पोराला तरास नको,” म्हणाले. मी म्हटले, ती तिच्या घरीच आहे. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तिच्या दुधातून मुलीला क्षय होईल असे तू लिहिलेस, त्याचे उत्तर इथेच देते. क्षय तिच्या हाडात आहे. फुप्फुसे तपासली, स्वच्छ आहेत. मुलीलाही तपासले आहे. औषधे चालू ठेवून पाजायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी मला समक्ष सांगितले. आता मनाली पाठीला पट्टा बांधून कुशीवर निजते, मी मुलीला तिच्याजवळ सरकवते. परवा ती म्हणाली, “हिचं तोंड लागलेलं कळतं मला, आई. वरचं सगळं कळतं.” मी उशी नीट केली.

आता तुझे काम. मनालीने लग्नाआधीचा आजार लपवला, या कारणावर घटस्फोटाची नोटीस पाठवायची आहे आणि तिचा मसुदा मी करावा, कारण माझी वकिलीची सनद अजून चालू आहे, असे तू लिहिलेस. तुझा मुद्दा मी नीट तपासला. पाय बधिर होण्याची पहिली खूण गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात दिसली. त्या दिवशी मनाली स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, हात पिठाचे होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवून तुझ्याशी बोलत होती. मी दाराशी होते. पायांत मुंग्या येतात, जमीन नीट लागत नाही, असे तिने तुला सांगितले. तू म्हणालास, “होतं गं असं. आईला सांगू नकोस, ती उलटतपासणी घेत बसेल.” मी आत जाऊन लगेच तिला विचारले. तिने तुझे ऐकले, आणि मला ‘काही नाही’ म्हणून सांगितले. तेव्हा आजार लपवला गेला हे खरे आहे, इंद्रजीत. कोणी लपवायला लावला एवढाच प्रश्न उरतो. ज्या खटल्यात साक्ष द्यायची, त्यात वकीलपत्र घेता येत नाही. मला दोहोंपैकी एक निवडायचे होते. मी निवडले आहे, आणि मनालीने आता जे वकील नेमले आहेत त्यांना तसे कळवले आहे. मुलीचे नामकरण येत्या पौर्णिमेला मनालीच्या खाटेशेजारी होईल. तिला बुद्धविहारापर्यंत नेता येत नाही, म्हणून भंतेजी घरी येणार आहेत. यायचे असेल तर तेव्हा ये. समन्सची वाट पाहू नकोस.

साक्षीच्या पिंजऱ्यातही तुझीच,
आई